उलटसुलट एकच!

कडक, सरस, नयन, जहाज, समास, कणीक. उलटे वाचा, तरी तेच! काना-वेलांटी आपापल्या अक्षराला चिकटून राहते, ही आपल्या लिपीची सोय. म्हणून ‘नवजीवन’सुद्धा उलटीकडून नवजीवनच. ‘चिमा काय कामाची’ हे सर्वांचे लाडके वाक्य मात्र काटेकोर हिशेबात बसत नाही. आरंभी ऱ्हस्व ‘चि’, अखेरीस दीर्घ ‘ची’. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला एवढा फरकही खुपतो!

घरी हा खेळ मांडला, की इंग्रजी शाळेतली नात ‘रबर’ चटकन सांगते. मी ‘वानवा’ म्हटले, तर विचारते, ‘‘आजोबा, वानवा म्हणजे काय?’’

‘‘टंचाई.’’

‘‘आणि टंचाई म्हणजे?’’