तटाबाहेरचे कुरटे बेट

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली की प्रवाशांची नजर तटावर खिळते. ज्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाच्या बांधणीस प्रारंभ झाला, ते बेट मात्र सहसा कोणी पाहत नाही. चहूकडे खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! तटाबाहेर खडक, पुळण आणि उथळ पाण्यातील प्रवाळ. हा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. प्रवाळ म्हणजे सूक्ष्म जीवांनी सावकाश रचलेले घर. त्यावर पाय रोवणारा हौशी पाहुणा त्यास दगडच समजतो. नांगर टाकण्याऐवजी नौका तरत्या बोयांना बांधाव्यात आणि पाण्यात उतरण्यापूर्वी नावाड्यानेच हे समजावून सांगावे. शाळांच्या सहलींपासून प्रारंभ करता येईल.