हिवाळी पाहुणी : कळपाने राहणारी टिटवी

टिटवी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. तिने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस भरपूर, असे जुनी माणसे सांगतात. तिचीच एक चुलत बहीण हिवाळ्यात परदेशातून भारतात येते. तिचे नाव सोशिएबल लॅपविंग, म्हणजे कळपाने राहणारी टिटवी. गुजरात व राजस्थानात ती आढळते, महाराष्ट्रात मात्र क्वचितच.

ओळख : आपल्या नेहमीच्या टिटवीच्या डोळ्यापुढे लाल, तर माळटिटवीच्या पिवळी गाठ असते आणि दोघींचे पाय पिवळे असतात. या पाहुणीला गाठ नसते व पाय काळे असतात. अंग मातकट रंगाचे असून भुवईचा पांढुरका पट्टा मानेपर्यंत जातो.

जीवनक्रम : कझाकस्तान व लगतच्या रशियातील गवताळ प्रदेशात ही टिटवी वसंतात विणीसाठी जाते. गुरांनी चरून आखूड केलेल्या गवतात उथळ खळगा करून ती बहुधा चार अंडी घालते. हिवाळ्यापूर्वी काही थवे तुर्कस्तान, सीरियामार्गे सुदानकडे जातात, तर काही उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तानमार्गे पाकिस्तान व भारतात येतात. उपग्रह यंत्र बसवलेल्या पक्ष्याच्या मागावर जाऊन २००७ मध्ये तुर्कस्तानात एकाच भागात तीन हजारांवर पक्षी आढळले.

धोका : २००४ पासून जागतिक यादीत हिची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते. स्थलांतराच्या वाटेवर शिकार होते. १९९१ नंतर कझाकस्तानात पशुधन घटले, गवत उंच वाढले. गावाजवळ उरलेल्या चराईत घरट्यांची दाटी झाली आणि तेथे अंडी गुरांच्या पायाखाली तुडवली जाऊ लागली. म्हणजे चराई मुळीच नसली तरी नुकसान आणि एकाच जागी अति झाली तरी नुकसान!

आपण काय करावे?

१) नाकतोडे, भुंगेरे व अळ्या हे हिचे मुख्य खाद्य आहे. म्हणून गरज असेल तेव्हाच व शिफारशीइतकेच कीटकनाशक वापरावे.

२) माळ पेटवू नये. सर्व माळ नांगरून न टाकता काही भाग चराईसाठी राखावा व चराई आळीपाळीने करावी.

३) पडीक रानात किंवा नुकत्याच नांगरलेल्या शेतात थवा दिसल्यास त्याला हुसकावू नये. दिनांक व ठिकाण लिहून वनखात्यास कळवावे.

पाहुणी हिवाळ्यापुरती राहते, पिकाला तिचा उपद्रव नाही. तिच्यासाठी थोडा माळ राखला, तर आपल्या गुरांनाही चारा राहील.