संगणकांच्या जाळ्याचे राखणदार

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत बर्कली येथें एक मोठी विज्ञान-प्रयोगशाळा आहे. १९८६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत तेथील संगणकाच्या हिशेबांत पाऊण डॉलरची तफावत आढळली. संगणक किती वेळ वापरला याचे पैसे त्या काळीं वापरणाऱ्याकडून घेत असत. क्लिफर्ड स्टोल नांवाचे एक खगोलशास्त्रज्ञ नुकतेच संगणकांची व्यवस्था पाहूं लागले होते. तफावतीचा छडा लावण्याचें काम त्यांच्याकडे आलें. पाऊण डॉलर ती काय रक्कम! दुसऱ्या कोणीं तिच्यावर पाणी सोडलें असतें. स्टोल यांनीं तसें केलें नाहीं. बाहेरून येणाऱ्या टेलिफोनच्या तारांना त्यांनीं छपाईचीं यंत्रें जोडलीं, रोजच्या घडामोडी वहींत टिपल्या, आणि महिनोन्महिने माग काढल्यावर उलगडा झाला तो असा: पश्चिम जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं बसलेला एक परका मनुष्य या प्रयोगशाळेच्या वाटेनें अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरत होता, आणि हातीं लागलेली माहिती सोव्हिएट हेरखात्यास विकली जात होती.

ही हकीकत सांगण्याचें कारण असें कीं, येथें चोर सांपडला तो एखाद्या चमत्कारानें नव्हे. चोख हिशेब आणि चिकाटी यांच्यामुळें सांपडला. हे गुण सामान्य माणसास शिकवितां येतात काय? अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजें हेंच काम करीत आहेत. त्यांच्या या शिक्षणक्रमाची आज ओळख करून घेऊं.

कम्युनिटी कॉलेज ही संस्था आपल्या परिचयाच्या कॉलेजाहून थोडी निराळी आहे. आज चालू असलेल्यांपैकीं सर्वांत जुनें सार्वजनिक कॉलेज इलिनॉय संस्थानांतील जोलिएट गांवीं १९०१ सालीं सुरू झालें, तें अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर. आतां त्या देशांत अशीं सुमारें एक हजार कॉलेजें आहेत. शाळेचें शिक्षण पुरें केलेल्या बहुतेक कोणासही तेथें दार मोकळें असतें. फी विद्यापीठाच्या मानानें पुष्कळ कमी असते. आणि वर्ग सायंकाळींही भरतात. त्यामुळें एकाच बाकावर अठरा वर्षांचा मुलगा, दिवसभर दुकानांत राबून आलेला गृहस्थ आणि मुलें मोठीं झाल्यावर पुन्हां पाटी हातीं घेतलेली आई हीं शेजारीं शेजारीं बसलेलीं दिसतात. दोन वर्षांचा अभ्यास पुरा केला कीं एक लहान पदवी मिळते. ती घेऊन कोणी नोकरी धरतो, तर कोणी विद्यापीठांत पुढील दोन वर्षें शिकण्यास जातो.

संगणकांच्या जाळ्याचा, म्हणजे नेटवर्कचा, पहिला धडा बहुधा हातांनींच गिरवावा लागतो. विद्यार्थ्यास एक केबल देतात. वरचें आवरण सोललें कीं आंत आठ रंगीत तारा दिसतात. दोन दोन तारांना पीळ घालून केलेल्या त्या चार जोड्या असतात. हा पीळ शोभेसाठीं नसतो. जवळून जाणाऱ्या विजेचा उपद्रव झाला तर तो जोडीतील दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच होतो. पलीकडचें यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा वाचतें, आणि म्हणून तो उपद्रव आपोआप वजा होतो. पुढें त्या तारा ठराविक क्रमानें लावून टोंकास प्लग दाबून बसवावयाचा. क्रम चुकला तर केबल बोलत नाहीं, आणि मग सारें पुन्हां पहिल्यापासून!

त्यानंतर संदेशाचा प्रवास शिकवितात. एखादें लांबलचक पत्र अनेक कार्डांवर लिहावें, प्रत्येक कार्डावर पत्ता आणि अनुक्रमांक घालावा, तीं वेगवेगळ्या वाटांनीं जावीं, आणि ज्याचें पत्र त्यानें क्रम लावून वाचावीं, हरवलेलें कार्ड पुन्हां मागवावें, असा हा प्रकार असतो. तारेपासून पडद्यावरील अक्षरापर्यंतच्या या कामाचे, समजुतीच्या सोयीसाठीं, सात थर कल्पिले आहेत. बिघाड झाला कीं खालून वर एकेक थर तपासावयाचा. तार तुटली आहे काय? पत्ता चुकला आहे काय? कीं हें सर्व ठीक असून पलीकडचा संगणकच बंद पडला आहे? वैद्यानें नाडीपासून आरंभ करावा तशी ही पद्धत आहे.

कार्डावर पाठविणाराचें नांव खरें आहे कीं खोटें, हें टपालवाला पाहात नाहीं. जाळ्याचेंही मूळचें असेंच आहे. आजच्या इंटरनेटचे मूळ नियम १ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेट या अमेरिकन जाळ्यावर लागू झाले, तेव्हां तें वापरणारी मंडळी मुख्यतः संशोधक आणि सरकारी नोकर होती. चाळींतील बिऱ्हाडांनीं दिवसा दार नुसतें लोटून ठेवावें, तसा तो कारभार होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें त्या जाळ्यांत, आपल्याच प्रती काढीत फिरणारा एक प्रोग्रॅम सोडला. त्यानें कोणाचे कागद पुसले नाहींत. परंतु प्रती भलत्याच वेगानें वाढल्या, आणि तेव्हांच्या अदमासाप्रमाणें सुमारें सहा हजार संगणक अडले. न्यायालयानें मॉरिस यास दोषी ठरविलें. दारें लोटून ठेवण्याचे दिवस संपले, हें त्या दिवशीं सर्वांस कळलें.

म्हणून सायबर-सुरक्षेच्या वर्गांत कुलुपाच्या विद्येबरोबरच परवानगीचा धडा देतात. कुलूप कसें उघडतें हें न कळणारास तें नीट बसवितां येत नाहीं; पण तीच विद्या चोराचीही असते. दोहोंमधील अंतर बोटांच्या कौशल्यांत नसून मालकाच्या लेखी संमतींत आहे. विद्यार्थी जे हल्ले करून पाहतात, ते बाहेरच्या जगापासून तोडलेल्या, सरावासाठींच उभारलेल्या संगणकांवर. उरलेला बराचसा वेळ नोंदी वाचण्यांत जातो. कोण केव्हां आंत आलें, कोठून आलें, काय घेऊन गेलें, अशा हजारों ओळींत एखादीच ओळ खटकते. ती खटकावी एवढ्यासाठींच हा सारा अभ्यास!

हें दुर्लक्ष किती महाग पडतें पाहा. मे २०२१ मध्यें टेक्सासकडून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास पेट्रोल नेणारी कलोनियल कंपनीची सुमारें साडेपांच हजार मैलांची नळवाहिनी कांहीं दिवस बंद ठेवावी लागली. पंपांवर रांगा लागल्या, आणि कंपनीनें सुमारें ४४ लक्ष डॉलर खंडणी भरली. चोर शिरले होते तें एका जुन्या, विसरलेल्या खात्याच्या परवलीच्या शब्दानें. त्या दाराला दुसरें कुलूपच नव्हतें. असें कांहीं सातां समुद्रांपलीकडेच घडतें असेंही नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्यांतील एका सहकारी बँकेच्या व्यवस्थेंत असेच चोर शिरले आणि सुमारें ९४ कोटि रुपये गेले.

असले राखणदार केवळ मोठ्या विद्यापीठांनीं पुरवावे म्हटलें तर ते पुरणार नाहींत. गांवचें इस्पितळ, शाळा, पाणीपुरवठ्याची कचेरी या सर्वांस ते हवे आहेत, आणि त्याच गांवांत राहणारा, पगाराची अपेक्षा माफक असलेला मनुष्य त्यांना परवडतो. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें दोन वर्षांच्या कित्येक कॉलेजांनाही या विषयाचीं मान्यताप्राप्त केंद्रें ठरविलें आहे. दोन वर्षांत विद्यार्थी पारंगत होतो असें मात्र कोणीं समजूं नये. आज शिकलेलीं हत्यारें थोड्याच वर्षांत जुनीं होतात. थर तपासण्याची रीत, नोंदी वाचण्याची संवय आणि परवानगीचा विवेक एवढें मात्र टिकतें. ज्या कॉलेजांतून विद्यार्थी एवढें घेऊन बाहेर पडतो, त्यानें आपलें काम केलें असें म्हणावें.

आपण सर्वच कांहीं या वर्गांत जाऊन बसणार नाहीं. परंतु घरोघरीं आतां या जाळ्याचें एक एक दार आलें आहे. परवलीच्या शब्दापाठीमागें दुसरें कुलूप असावें, वापरांत नसलेलीं खातीं मिटवावीं, महत्त्वाच्या कागदांची एक प्रत निराळी ठेवावी. आणि बँकेच्या हिशेबांत पाऊण रुपयाची तफावत दिसली तरी ती क्षुल्लक म्हणून सोडूं नये, विचारपूस करावी. बर्कलीच्या त्या खगोलशास्त्रज्ञानें आरंभीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.