जात्यावर सुचलेलं शहाणपण

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. निर्मितीचं सगळं मर्म या म्हणीत आहे: आधी काम, मग सुचणं. खुंट्याला हात लागला, जात्याच्या तोंडात पहिला घास पडला, की घरघरीची लय गळ्यात उतरते आणि शब्द तिच्यामागून येतात. जगणं, प्रेम, स्वत्व यांविषयी मराठीत जे बोल टिकून राहिले, त्यांतले कितीतरी अशाच कामात गुंतलेल्या बायकांचे आहेत. श्रेय मात्र त्यांच्या नावावर क्वचितच जमा झालं.

म्हणीच घ्या. घरोघरी मातीच्या चुली, चार दिवस सासूचे चार दिवस सुनेचे, भरल्या गाड्याला सूप जड नाही. चूल, सूप, सासुरवास यांतून आलेला हा अनुभव आहे. मोल्सवर्थच्या कोशाच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत अशा अनेक म्हणी सापडतात. रेव्हरंड मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह 1899 मध्ये ऑक्सफर्डहून निघाला. दाते-कर्वे यांनी तर वाक्संप्रदायांचा स्वतंत्र कोशच केला. म्हण छापली गेली, तिचा अर्थ नोंदला गेला. ती पहिल्यांदा उच्चारणारी बाई अनामच राहिली.

ओवीत ती बाई स्वतः बोलते. आई, भाऊ, सासरी गेलेली लेक, पंढरीचा विठ्ठल यांच्यावरची माया ती पहाटेच्या अंधारात मोकळी करते. दळणाऱ्या बायकांना जनाबाई जवळची वाटते ती याचमुळे. गंगाखेडची ही नामदेवांच्या घरची दासी. तिच्यासोबत विठ्ठल दळू लागतो, ही कथा त्यांनी आपलीच मानली. नवऱ्याचं नाव उघडपणे घेण्याची मात्र चाल नव्हती. त्यातून वाट उखाण्याने काढली. लग्नात, मंगळागौरीत, डोहाळजेवणात ‘नाव घे’ असा आग्रह झाला की यमकाच्या आडोशाने ते नाव चारचौघांत उच्चारता येई.

स्वत्वाची जाणही जात्यापाशी पोचली. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमध्ये बायकांनी डॉ. आंबेडकरांवर ओव्या गायल्या. ज्या समाजाला शतकानुशतकं माणूसपण नाकारलं गेलं, त्या समाजातल्या बायका बाबासाहेबांचं नाव घेत ताठ मानेने स्वतःविषयी बोलू लागल्या.

बहिणाबाई चौधरींचं नाव याच परंपरेतलं, आणि सुदैवाने हरवता हरवता राहिलेलं. 1880 मध्ये जळगावजवळच्या असोद्याला त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात राबताना त्या रचत, गात. मुलगा सोपानदेव आणि आप्त ते टिपून ठेवत. 1951 मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी पुस्तकरूपाने आली. आज त्यांच्या कित्येक ओळी लोक म्हणींसारख्या वापरतात, आणि जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखलं जातं. घरात लिहून घेणारं कोणी होतं, म्हणून हे घडलं.

बाकीच्या घरांत कोण होतं? गावोगाव पिठाची गिरणी आली, बायकांच्या खांद्यांवरचा भार उतरला आणि तो उतरायलाच हवा होता. पण त्याबरोबर गाण्याची वेळही गेली. हे ओळखून गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेसमधून 1980 च्या दशकात ओव्या गोळा करायला घेतल्या. गावातल्या कार्यकर्त्या बायकांच्या साथीने एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणाला हातभार लावला आणि पुढे हा ठेवा पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘परी’ने (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) सर्वांसाठी खुला केला.

या संग्रहाचं मोठेपण एका साध्या शिस्तीत आहे. ओवीसोबत तिथे गाणारणीचं नाव आणि तिचं गावही नोंदलेलं असतं. म्हणींच्या कोशांत जी जागा रिकामी राहिली होती, ती इथे भरलेली दिसते.