दहाजणांची सभा : सिनगॉग आणि बेने इस्रायल

तेली आणि त्याचा घाणा हे खानदेशातील ग्रामजीवनाचे परिचित अंग होते. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडील अभ्यासकास ‘शनवार तेली’ हे कोकणातील नाव विशेष कुतूहलाचे वाटावे. पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड, जिल्ह्यातील हे तेली शनिवारी घाणा बंद ठेवीत. ते बेने इस्रायल, म्हणजे मराठीभाषी यहुदी होत. त्यांचे प्रार्थनामंदिर पाहावयाचे तर खानदेशातून कोकण, मुंबई, ठाणे किंवा पुणे गाठावे लागते. गुजरातेत अहमदाबादेस १९३४ साली बांधलेले एक आहे.

या वास्तूस आपण सवयीने ‘मंदिर’ म्हणतो. परंतु तो शब्द दिशाभूल करणारा आहे. ‘सिनगॉग’ हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘एकत्र येणे’ असा आहे. हिब्रू भाषेतील ‘बेथ क्नेसेथ’ म्हणजे सभागृहच. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील बलिविधी कायमचे थांबले. त्यापूर्वीही सिनगॉग होतेच. परंतु यानंतर सामुदायिक उपासनेचा सर्व भार त्यावर आला. येथे मूर्ती नाही, बली नाही, वंशपरंपरागत पुरोहितावाचून काही अडत नाही. अडते ते दहाजणांवाचून. तेरा वर्षे पूर्ण झालेले दहा पुरुष जमल्याखेरीज तोराचे जाहीर वाचन होत नाही आणि मृतासाठी म्हणावयाचे ‘कद्दिश’ म्हणता येत नाही. (काही सुधारणावादी पंथ आता स्त्रियांनाही या संख्येत धरतात.) दहाजण असतील तर साधी खोलीही चालते, ते नसतील तर संगमरवरी वास्तूही अपुरी ठरते.

समुदाय सिनगॉगभोवती उभा राहतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कोकणचा इतिहास तिला छेद देतो. येथे समुदाय आधी होता, सिनगॉग फार मागाहून आले. शब्बाथ, सुंता, भक्ष्याभक्ष्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढ्या बळावर बेने इस्रायलांनी आपले वेगळेपण कित्येक पिढ्या घरातच राखले. सणांची नावेही मराठी वळणाची झाली : नववर्ष तो ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताचा दिवस ‘दारफाळणीचा सण’, त्या दिवशी दारे लावून घरात उपवास करीत. देवघर किंवा मठ यांवाचून एखादा धर्म इतका काळ टिकावा, ही धर्माभ्यासकाने सावकाश विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

पहिले सिनगॉग १७९६ साली मुंबईत उभे राहिले. कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सॅम्युएल इझिकिएल ऊर्फ समाजी हसाजी दिवेकर यांनी ते बांधविले. टिपूच्या कैदेतून सुटल्याबद्दल त्यांनी ते बांधले, असे परंपरा सांगते. त्याचे नाव ‘शआर हराहमीम’, म्हणजे दयेचे द्वार; लोकांच्या तोंडी मात्र ती ‘जुनी मशीद’च. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे येथे सिनगॉग झाले. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना शिकविल्या, आणि घरातील धर्मास जगातील इतर यहुद्यांशी जुळणारे पंचांग व विधी लाभले.

अंतर्भागाची रचना याच सभेस अनुसरून असते. मध्यभागी ‘तेबा’ हे उंच व्यासपीठ, सभोवती बाके, जेरुसलेमच्या दिशेस, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेस, ‘हेखाल’ या कपाटात चर्मपटावर हाताने लिहिलेली तोरा, त्यापुढे नंदादीप. सुंतेच्या वेळी एलियाहू संदेष्ट्यासाठी एक खुर्ची राखलेली असते. प्रार्थना ‘हज्जान’ चालवितो. परंतु कारभार मुकादम, चौगुला, गबाई यांच्याकडे. मराठी गावगाड्यातील पदनामे हिब्रू पदनामांशेजारी सहज बसली आहेत. विवाह, वर्गणी, दानधर्म, आपसांतील तंटे यांचा निकाल येथेच लागे.

जेथे माणसे मोजावयाची असतात, तेथे कोणास मोजावे हा प्रश्न येतोच. ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल हा भेद सिनगॉगातील बैठकीतही पाळला जाई. बगदादहून आलेल्या यहुद्यांपैकी काहींनी बेने इस्रायलांना दहाजणांत धरण्यास नकार दिला. इस्रायलमध्येही १९६२ साली धर्मपीठाने त्यांच्या विवाहांविषयी वेगळ्या चौकशीचा दंडक घातला. त्याविरुद्ध आंदोलन झाले आणि १९६४ साली त्या देशाच्या सरकारने त्यांस सर्व बाबतींत पूर्ण यहुदी मानले. शनवार तेल्यांना आपले यहुदीपण असे दोनदा सिद्ध करावे लागले.

दरम्यान माणसेच कमी होत गेली. १९५१ च्या सुमारास भारतात यहुद्यांची संख्या पंचवीस हजारांच्या घरात होती; बहुसंख्य इस्रायलला गेले आणि २०११ च्या जनगणनेत ती पाच हजारांच्याही खाली आली. कोकणातील वास्तू उभ्या आहेत, काहींची डागडुजीही झाली आहे. अडचण दहाव्या माणसाची आहे. एलियाहूचे नाव घेऊन गोड पोहे व फळे वाटण्याचा ‘मलिदा’ अजूनही घरोघरी होतो. त्यास दहाजणांची अट नाही. बापामागे कद्दिश म्हणावयाचे असेल, तर मात्र मुलास प्रथम नऊ माणसे शोधावी लागतात.