कोंग्सफ्योर्डची वाट

स्वालबार्ड हा नॉर्वेचा द्वीपसमूह ७४ ते ८१ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मधोमध आहे. त्याची सुमारे ६० टक्के जमीन हिमनद्यांनी झाकलेली आहे. उरलेल्या जमिनीवर झाड नाही, शेत नाही आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा रस्ताही नाही. तरीही चेन्नईतून इथे अभियंते येतात. पल्लीकरणैच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओटीने, इथल्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत २०१४ साली एक वेधशाळा पाण्याखाली सोडली.

चेन्नईहून निघणाऱ्याला आधी युरोप गाठावा लागतो. मग ऑस्लो, आणि तिथून सुमारे तीन तासांच्या विमानप्रवासाने स्वालबार्डचे मुख्य गाव लाँगइयरबिएन. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या स्वालबार्डविषयीच्या करारावर ब्रिटनने भारताच्या वतीनेही सही केली होती. सही करणाऱ्या देशांच्या नागरिकांना इथे राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा समान हक्क आहे. प्रत्यक्षात मात्र ऑस्लोचे विमानतळ वाटेत असल्याने शेंगेन व्हिसा काढावाच लागतो, आणि तोही दोनदा प्रवेश देणारा, कारण स्वालबार्डला जाणे म्हणजे शेंगेन क्षेत्राबाहेर जाणे. अनेक प्रवाशांची अडचण नेमकी इथेच होते.

लाँगइयरबिएनची वस्ती सुमारे अडीच हजार. जॉन लाँगइयर या अमेरिकी उद्योजकाने १९०६ साली कोळशाच्या खाणीसाठी हे गाव वसवले. जमीन बारमाही गोठलेली असते आणि उन्हाळ्यात तिचा फक्त वरचा थर सुटतो. म्हणून घरे खांबांवर उभी आहेत आणि पाण्याच्या नळ्या जमिनीवरून नेलेल्या आहेत. हॉटेलात किंवा संग्रहालयात शिरताना बूट दारात काढायची पद्धत आहे. खाणीतून येणाऱ्या माणसांनी कोळशाची काळी धूळ घरात नेऊ नये म्हणून ती पडली, आणि खाणी एकामागून एक बंद झाल्या तरी टिकली. उंबऱ्याबाहेर चपला काढण्याची सवय असलेल्या भारतीय पाहुण्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

गावाच्या टोकाला पांढऱ्या अस्वलाचे चित्र असलेली पाटी आहे. तिच्यापुढे माहीतगार सोबती आणि अस्वलाला पळवण्याचे साधन घेतल्याशिवाय कोणी जात नाही, आणि सोबत्याच्या खांद्यावर बहुधा बंदूकही असते. पुढचा प्रवास उन्हाळ्यात बोटीने, हिवाळ्यात स्नोस्कूटरने. हिमनदीवरून जाताना खरा धोका भेगांचा. नव्या बर्फाने त्यांची तोंडे झाकलेली असतात, म्हणून तिथे माणसे एकमेकांना दोराने बांधून चालतात. या वाटांवरची गावे थोडी आहेत. बारेंट्सबर्ग हे रशियाचे खाणगाव अजून चालू आहे. पिरामिडेन हे दुसरे रशियन गाव १९९८ मध्ये खाण बंद पडल्यावर रिकामे झाले.

कोंग्सफ्योर्डच्या काठचे नी-ऑलेसुंड हे गाव या सर्वांहून वेगळे. लाँगइयरबिएनहून छोट्या डॉर्नियर विमानाने अर्ध्या तासाच्या आत तिथे पोचता येते. ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावरच्या या गावात हिवाळ्यात तीस-पस्तीस माणसे असतात, उन्हाळ्यात शंभराच्या वर जातात. हेही कोळशाचेच गाव होते. अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले हे ध्रुवीय शोधक ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून ११ मे १९२६ रोजी उत्तर ध्रुवाकडे इथूनच निघाले, आणि जहाज बांधण्याचा लोखंडी मनोरा अजून उभा आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये खाणीतल्या स्फोटात २१ कामगार दगावले, त्यावरून नॉर्वेचे सरकार पडले आणि खाण कायमची बंद झाली. त्यानंतर गाव संशोधकांच्या हाती आले. पृथ्वीच्या मोजमापासाठी क्वेसार या अतिदूरच्या आकाशस्थ पिंडांकडून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी इथे टिपल्या जातात. म्हणून आसपासच्या २० किलोमीटरमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते. घरांची दारे कुलूपबंद नसतात, कारण अस्वल आडवे आले तर माणसाला जवळच्या कुठल्याही घरात शिरता यावे.

भारताची पहिली तुकडी ऑगस्ट २००७ मध्ये इथे आली. १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. जवळच्या वेस्ट्रे ब्रॉगरब्रीन या हिमनदीवर भारतीय शास्त्रज्ञ बर्फात खांब रोवून ठेवतात आणि खांब किती उघडा पडला यावरून बर्फाची घट मोजतात. १९७९ नंतर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापला आहे. त्याची खूण याच खाडीत दिसते. नकाशात वर्षानुवर्षे द्वीपकल्प म्हणून दाखवलेले ब्लॉमस्ट्रांड हिमनदी मागे हटल्यावर बेट निघाले.

चेन्नईचे काम या खाडीच्या पाण्यात आहे. ‘इंडआर्क’ या नावाची वेधशाळा २३ जुलै २०१४ रोजी ‘लान्स’ या नॉर्वेच्या संशोधन जहाजावरून १९२ मीटर खोल जागी सोडली गेली. तळाशी जड नांगर, त्यातून वर जाणारा दोर आणि दोराला ताठ ठेवणारे तरंगते गोळे अशी तिची रचना आहे. दोरावर ठरावीक खोलीवर बसवलेली यंत्रे पाण्याचे तापमान, खारटपणा आणि प्रवाह नोंदवत राहतात. हिमनदीच्या तोंडापासून सुटलेले हिमखंड वाहत येतात, म्हणून सगळे साहित्य पृष्ठभागाच्या खाली ठेवावे लागते. त्यामुळे नोंदी आतच साठतात, आणि त्या मिळवण्यासाठी दरवर्षी कोणाला तरी एवढा प्रवास करून यंत्रे वर काढून पुन्हा सोडावी लागतात. या नोंदींवरून अटलांटिकचे कोमट पाणी खाडीत केव्हा आणि किती शिरते आणि हिमनदीचे वितळलेले गोडे पाणी त्यात कसे मिसळते, हे समजते. पूर्वी हिवाळ्यात गोठणारी ही खाडी अलीकडे बहुतेक वर्षी पुरती गोठत नाही. आर्क्टिकमधल्या बर्फाच्या घटीचा भारतातल्या मोसमी पावसाशी किती आणि कसा संबंध आहे, याचा शोध चालू आहे. पाऊस चुकला की कोरडी पडणाऱ्या आणि अतिवृष्टीने बुडणाऱ्या चेन्नईसाठी तर हा प्रश्न घरचाच आहे.

अशा अभ्यासाला उन्हाळ्याच्या काही महिन्यांच्या नोंदी पुरत नाहीत. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये भारताने ‘हिमाद्री’त पहिली हिवाळी तुकडी पाठवली. या काळात सूर्य उगवतच नाही, आणि हवेतले सूक्ष्म कण, ढग व बर्फ यांच्या नोंदी दिव्याच्या उजेडात घेतल्या जातात.