परीस नव्हे, कसोटी

परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशासाठी निबंध लिहिणारी आपली मुले आणि पेढीचे माहितीपत्रक इंग्रजीत छापून घेणारे आपण, दोघांच्याही लेखनात 'कल्चरल टचस्टोन' हा शब्दप्रयोग आता डोकावू लागला आहे. शब्द भारदस्त आहे; म्हणूनच तो भलत्या जागी बसला की अधिक खुपतो. ज्या घरांत सराफी चालत आली, त्यांना तर तो परका वाटण्याचे कारणच नाही.

टचस्टोन म्हणजे कसोटी. बारीक पोताचा काळा दगड. त्यावर दागिना घासायचा, शेजारी ठाऊक असलेल्या शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढायची, आम्लाचा थेंब सोडायचा आणि कोणती रेघ कितपत टिकते ते पाहायचे. या नावातील 'टच' म्हणजे नुसता स्पर्श नव्हे; जुन्या इंग्रजीत सोन्याच्या पारखीलाही 'टच' म्हणत. आपल्या सराफ्यात शुद्धतेला 'टंच' म्हणतात, हे येथे सहज आठवते.

गोंधळ होतो तो स्पर्शामुळे. पुष्कळ जण टचस्टोन म्हणजे परीस असे समजतात. रवींद्रनाथांच्या 'द गार्डनर' (१९१३) या संग्रहात परीस शोधत भटकणाऱ्या वेड्याची कविता आहे; तिच्या इंग्रजी रूपात परिसासाठी हाच शब्द आला आहे. कवीला ती मुभा असते. माहितीपत्रकाला नसते. परिसासाठी इंग्रजीत 'फिलॉसॉफर्स स्टोन' हा वेगळा शब्द आहे. परीस लोखंडाचे सोने करतो. कसोटी काहीच बदलत नाही, आहे ते दाखवते. 'आमची पेढी ही विश्वासाची टचस्टोन आहे' असे छापणाऱ्याने आपण इतर पेढ्यांची पारख आपल्यावरून करण्यास सांगत आहोत, हे ध्यानात घ्यावे. दावा लहान नाही!

वाङ्मयीन चर्चेत हा शब्द ठसवला मॅथ्यू अर्नोल्ड यांनी. १८८० च्या एका निबंधात त्यांनी सुचवले की, थोर कवींच्या ओळी मनात बाळगाव्यात आणि त्यांवर इतर काव्य घासून पाहावे. मराठी संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांचे गाणे याच अर्थाने टचस्टोन ठरते. पुढच्या गायकनटांची तुलना त्यांच्याशी होत राहिली.

पुढे अर्थ सैलावला. सर्वांना ठाऊक असलेली, नुसत्या उल्लेखाने उमगणारी गोष्ट, असाही तो आता रूढ आहे. 'शोले' (१९७५) हा चित्रपट असा टचस्टोन होय. हा वापर चूक म्हणता येणार नाही. पण केवळ लोकप्रिय वस्तूला तो लावू नये. जिच्या आधारे माणसे एकमेकांना ओळखतात किंवा दुसरे काही जोखतात, तिलाच तो शोभतो.

राहिला 'कॉमन'. 'कॉमन कल्चरल टचस्टोन्स' यातील कॉमन म्हणजे सामायिक, सामान्य नव्हे. त्यालाच 'शेअर्ड' जोडणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा बिल करणे. आणि महत्त्वाच्या टप्प्यासाठी 'माइलस्टोन', पायासाठी 'कॉर्नरस्टोन' असे शब्द आहेतच. ग्राहकाशी संबंध येण्याच्या प्रसंगाला व्यापारी भाषेत 'टचपॉइंट' म्हणतात. निबंध तपासताना मुलांना एवढेच विचारावे: या दगडावर तू नेमके काय घासून पाहतो आहेस?